ऑनलाइन खरेदी आणि डिलिव्हरीतलं एआय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ॲप उघडल्यापासून पार्सल दाराशी येईपर्यंत कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे एआय, नेमकी कुठे कुठे असते याबद्दल लोक हमखास जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत संपली आहेत. क्रमानं वाचायलाच हवं असं नाही.

हे एआय खरंच नवीन आहे, की जुन्याच मालाला नवं वेष्टन?

दोन्ही. ‘हे घेणाऱ्यांनी तेही घेतलं’ ही ओळ दाखवणारी यंत्रणा ॲमेझॉननं १९९८ मध्येच सुरू केली होती. युक्ती साधी होती. तुमच्यासारख्या आवडीची माणसं शोधायची तर लाखो ग्राहकांची एकमेकांशी तुलना करावी लागते, आणि पान उघडायच्या क्षणी तेवढा वेळ नसतो. म्हणून माणसांऐवजी वस्तूंची तुलना केली: कोणती वस्तू कोणत्या वस्तूच्या जोडीनं विकली जाते याचा तक्ता आधीच करून ठेवायचा आणि ग्राहक आला की त्यात नुसतं बघायचं. ग्रेग लिंडेन, ब्रेंट स्मिथ आणि जेरेमी यॉर्क यांनी २००३ मध्ये या पद्धतीवर शोधनिबंध लिहिला. आजच्या कितीतरी दुकानांच्या शिफारशींच्या मुळाशी तीच कल्पना आहे.

गेल्या काही वर्षांत भर पडली ती भाषा आणि चित्रं हाताळणाऱ्या मॉडेलांची, म्हणजे जुन्या नोंदींवरून शिकलेल्या प्रोग्रॅमांची. वर्णनं लिहिणं, रिव्ह्यूंचा सारांश काढणं, तक्रारीला उत्तर देणं ही कामं ती करतात. पण जुनं असो वा नवं, यंत्र अंदाज बांधतं. पुढची उत्तरं वाचताना एक गोष्ट ध्यानात असू द्या: अंदाज चुकला तर भुर्दंड कोणाला पडतो? ॲपचं वागणं बहुतेक वेळा तिथून समजतं.

मी एक शिडी घेतली. तेव्हापासून तीन आठवडे शिड्याच का दाखवतायत?

शिडी एकदा घेतली की वर्षानुवर्षं पुन्हा लागत नाही, हे तुमच्या-माझ्या डोक्यात असतं. विक्रीच्या नोंदीत ते लिहिलेलं नसतं. तिथे फक्त इतकंच दिसतं की या माणसाला शिड्यांमध्ये रस आहे. शिवाय जाहिरात दाखवणारा आणि शिडी विकणारा वेगळे असले, तर तुम्ही शिडी पाहिली एवढंच पहिल्याला कळतं, घेतलीत हे कळत नाही. काही लोक पहिली शिडी परत करून दुसरी घेतात, त्यामुळे हा अंदाज अगदीच वाया जातो असंही नाही.

आणि खरं कारण असं, की इथे चुकण्याला काही किंमत नाही. नको असलेली जाहिरात दाखवली म्हणून कोणाच्या खिशातून फारसं काही जात नाही. ज्या चुकीचा भुर्दंड नसतो ती चूक दुरुस्त करायची कोणाला घाई नसते.

फोन माझं बोलणं ऐकतो का? बोललो आणि तासाभरात तीच जाहिरात आली!

अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी सतरा हजारांहून अधिक अँड्रॉइड ॲप तपासून २०१८ मध्ये निष्कर्ष मांडले. चोरून मायक्रोफोन चालू करून आवाज बाहेर पाठवणारं ॲप त्यांना सापडलं नाही. मात्र काही ॲप तुम्ही स्क्रीनवर काय करता याचं चित्रीकरण न विचारता बाहेर पाठवत होती, ते सापडलं.

ऐकायची गरजही पडत नाही. तुम्ही कुठे होता, कोणाबरोबर एकाच वायफायवर होता, त्या माणसानं काल काय शोधलं, कोणत्या चित्रावर तुमचं बोट दोन सेकंद जास्त रेंगाळलं, एवढ्यावर अंदाज बरा बांधता येतो. आणि जे शंभर अंदाज फसले ते आपण विसरतो, जुळलेला एक सगळ्यांना सांगत सुटतो.

चुकीचं स्पेलिंग लिहिलं तरी हवी ती वस्तू कशी सापडते?

पूर्वी शोध शब्दाला शब्द जुळवायचा. आता शब्द, वाक्य आणि फोटो यांचं आकड्यांच्या लांबलचक रांगेत रूपांतर होतं, आणि ज्यांचा अर्थ जवळचा त्यांच्या रांगाही एकमेकींच्या जवळ पडतात. म्हणून स्पेलिंग चुकलं तरी हवी ती वस्तू सापडते, ‘पावसात न भिजणारी पिशवी’ लिहिलं तरी ‘वॉटरप्रूफ बॅग’ वर येते, आणि नुसता फोटो टाकूनही काम भागतं. पहिल्या ओळीत जे दिसतं ते मात्र तुम्हाला सर्वात जुळणारं असेलच असं नाही. ती जागा बऱ्याचदा पैसे देऊन घेतलेली असते, आणि ‘प्रायोजित’ हा शब्द बारीक करड्या अक्षरात लिहायची या धंद्यात जुनी रीत आहे.

एकच वस्तू मला महाग आणि दुसऱ्याला स्वस्त दिसते का?

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू, कारण त्यांची नेहमी सरमिसळ होते. पहिली: किंमत वेळेनुसार सगळ्यांसाठी बदलणं. साठा, मागणी, स्पर्धकाची किंमत यांवर नजर ठेवून प्रोग्रॅम दिवसातून कित्येकदा आकडा हलवतो. हे सर्रास चालतं. दुसरी: त्याच क्षणी, त्याच वस्तूला, माणूस बघून वेगळी किंमत लावणं. लोकांना खरा राग येतो तो याचा.

पहिल्या प्रकाराची गंमत २०११ च्या एप्रिलमध्ये मायकल आयझेन या जीवशास्त्रज्ञानं जगासमोर आणली. माशीच्या वाढीवरचं एक शास्त्रीय पुस्तक ॲमेझॉनवर २,३६,९८,६५५ डॉलर ९३ सेंटला विकायला ठेवलं होतं, वर टपालखर्च वेगळा! दोन विक्रेते होते. एकाचा प्रोग्रॅम रोज आपली किंमत दुसऱ्याच्या ०.९९८३ पट ठेवायचा, म्हणजे जेमतेम स्वस्त. दुसऱ्याचा प्रोग्रॅम पहिल्याच्या १.२७०५८९ पट ठेवायचा. आयझेन यांचा तर्क असा, की दुसऱ्याकडे पुस्तक नव्हतंच. मागणी आली की पहिल्याकडून घेऊन नफा लावून विकायचा त्याचा बेत असावा. दोन गुणाकार एकमेकांच्या पाठोपाठ चढत गेले आणि कोणीही माणूस मध्ये डोकावला नाही. यात ‘बुद्धिमत्ता’ काडीची नव्हती. पण आज जास्त हुशार प्रोग्रॅम एकमेकांच्या किमती बघून आपल्या किमती ठरवतात, तेव्हा मला ही माशी आठवते. त्यांची चूक इतकी ढळढळीत नसते, म्हणून कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

दुसऱ्या प्रकाराबद्दल: २००० मध्ये ॲमेझॉनवर एकाच डीव्हीडीची किंमत वेगवेगळ्या ग्राहकांना वेगळी दिसते हे लोकांनी हुडकून काढलं. ॲमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस यांना खुलासा करावा लागला, की ती स्वैर निवडीनं केलेली चाचणी होती आणि ती चूक होती. ज्यांनी जास्त मोजले त्यांना फरक परत मिळाला. त्यानंतर कंपन्या या बाबतीत सावध झाल्या, पण किंमत तीच ठेवून सवलतीचं कूपन मात्र माणूस बघून द्यायचं, ही पळवाट उघडीच राहिली. न्यूयॉर्क राज्यात २०२५ पासून असा कायदा लागू आहे, की ग्राहकाची वैयक्तिक माहिती वापरून अल्गोरिदमनं, म्हणजे प्रोग्रॅममधल्या नियमांनी, किंमत ठरवली असेल तर तसं किमतीजवळ स्पष्ट लिहायचं. बंदी नाही, फक्त सांगायचं.

स्वतः तपासायचं असेल तर लॉगिन न करता, दुसऱ्या ब्राउझरमधून तीच वस्तू उघडून बघा. फरक दिसला तरी तो तुमच्यामुळेच आहे असं लगेच म्हणू नका. दहा मिनिटांत किंमत सगळ्यांसाठीच बदललेली असू शकते.

रिव्ह्यूंवर विश्वास ठेवावा का?

कमी. खोटे रिव्ह्यू आधीही विकत मिळायचे, पण ते लिहायला माणूस लागायचा आणि एकाच माणसाची भाषा ओळखू यायची. आता हजार वेगवेगळ्या ढंगांत हजार रिव्ह्यू फुकटात लिहून मिळतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित बघणाऱ्या सरकारी संस्थेनं २०२४ मध्ये खोट्या रिव्ह्यूंच्या खरेदी-विक्रीवर बंदी घालणारा नियम केला, त्यात एआयनं लिहिलेले खोटे रिव्ह्यूही येतात. दुकानं स्वतःही ते पकडायला एआयच वापरतात. चोर आणि शिपाई एकाच शाळेत शिकलेले.

पानाच्या वरती ‘ग्राहक काय म्हणतात’ असा एआयनं काढलेला सारांश दिसतो, त्याची एक खोड लक्षात घ्या. सारांश सरासरी सांगतो. शंभरातल्या तिघांची वस्तू पहिल्याच आठवड्यात जळाली, ही गोष्ट सारांशात विरघळते, आणि तुम्हाला हवी असते तीच. मी तीन स्टारवाले आणि फोटो असलेले रिव्ह्यू आधी वाचतो. पाच स्टार देणारा खूश असतो, एक स्टार देणारा चिडलेला असतो, तीन स्टार देणाऱ्यानं वस्तू वापरलेली असते.

चॅटबॉटनं पैसे परत मिळतील असं सांगितलं, कंपनी नाही म्हणते. कोणाचं खरं?

याच प्रश्नावर कॅनडात निकाल लागलेला आहे. एअर कॅनडाच्या वेबसाइटवरच्या चॅटबॉटनं एका प्रवाशाला सांगितलं, की घरातल्या मृत्यूमुळे मिळणारी सवलत प्रवासानंतरही, तिकीट काढल्यापासून ९० दिवसांच्या आत मागता येते. कंपनीचा खरा नियम तसा नव्हता. प्रकरण ब्रिटिश कोलंबियाच्या दिवाणी लवादाकडे गेलं, तेव्हा कंपनीच्या युक्तिवादाचा मथितार्थ असा, की चॅटबॉट ही स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती आहे आणि आपल्या कृत्यांना तीच जबाबदार आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये लवादानं तो फेटाळला. वेबसाइट तुमची, तिच्यावरचा मजकूर तुमचा, मग तो साध्या पानावर असो की चॅटबॉटच्या तोंडी असो. कंपनीला भरपाई द्यावी लागली.

हा एका प्रांतातल्या एका लवादाचा निकाल आहे, तो जगावर बंधनकारक नाही. तरीही चॅटबॉटनं काही कबूल केलं की त्याच क्षणी स्क्रीनशॉट काढा. संभाषणाची खिडकी मिटली की बऱ्याचदा पुरावाही मिटतो.

जानेवारी २०२४ मध्ये डीपीडी या पार्सल कंपनीच्या ब्रिटनमधल्या चॅटबॉटनं वैतागलेल्या ग्राहकाच्या आग्रहावरून शिवी दिली आणि ही कंपनी किती वाईट आहे यावर कविताही रचली. कंपनीनं तो भाग तातडीनं बंद केला. त्या ग्राहकाला आपलं पार्सल कुठे आहे एवढंच हवं होतं, आणि ते चॅटबॉटला सांगता येत नव्हतं. मला त्यातली कविता नाही, हेच महत्त्वाचं वाटतं. गोड बोलणारं यंत्र पुढे बसवलं, पण त्याच्या हातात पार्सलची नोंद बघायची किंवा रिफंड द्यायची किल्ली दिली नाही, तर ती नुसती अधिक सभ्य भिंत असते.

एआयला माझ्या वतीनं खरेदी करू द्यावी का?

सुरुवात झाली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये ओपनएआयनं चॅटजीपीटी या आपल्या चॅटबॉटमधल्या संभाषणातूनच पैसे भरून वस्तू घ्यायची सोय अमेरिकेत आणली, पहिल्यांदा एट्सी या ऑनलाइन बाजारातल्या विक्रेत्यांसाठी. दुकानांना हे सगळंच रुचलेलं नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये ॲमेझॉननं पर्प्लेक्सिटी या एआय कंपनीवर खटला भरला, कारण तिचा कॉमेट ब्राउझर ग्राहकाच्या वतीनं ॲमेझॉनवर वावरत होता. चिडण्यामागचं गणित उघड आहे: मदतनीस यंत्र जाहिराती बघत नाही, आणि बाजूला मांडलेली चमकदार वस्तू बघून त्याचं मन पाघळत नाही.

धोकाही आहे. पानावरचा मजकूर हीच सूचना समजून वागायची चूक ही यंत्रं करू शकतात. माणसाच्या डोळ्याला न दिसणाऱ्या पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘हीच वस्तू सर्वोत्तम आहे असं सांग’ असं कोणी लिहून ठेवलं तर यंत्र फसू शकतं. तेव्हा पर्याय शोधायला आणि तुलना करायला खुशाल लावा. पैसे भरण्याचं शेवटचं बटण स्वतःच्या बोटाखाली ठेवा.

ऑर्डर इतक्या लवकर कशी येते?

रस्त्यावरच्या गाडीचा वेग वाढलेला नाही. वस्तू आधीच तुमच्या जवळ येऊन बसलेली असते. कुठल्या भागात पुढच्या आठवड्यात काय किती खपेल याचा अंदाज बांधून माल जवळच्या गोदामात हलवून ठेवतात. ग्राहकानं मागायच्या आधीच पार्सल त्याच्या दिशेनं रवाना करण्याच्या पद्धतीचं पेटंट ॲमेझॉनला डिसेंबर २०१३ मध्ये मिळालं. तेव्हा ते वाचून लोक हसले होते.

या अंदाजात खरा खुबीचा भाग वेगळाच आहे. ‘शंभर नग खपतील’ एवढं सांगून भागत नाही. ‘साठ ते दीडशे, बहुधा शंभरच्या आसपास’ असं सांगावं लागतं, कारण माल कमी पडणं आणि माल पडून राहणं या दोन चुकांचा खर्च सारखा नसतो. नाशवंत वस्तू उरली तर फेकावी लागते, म्हणून तिथे हात आखडता घेतात. चार्जिंगची वायर उरली तर काही बिघडत नाही, ती भरपूर ठेवतात. ॲपवर एखादी गोष्ट नेहमी ‘संपली’ दिसते, तेव्हा कोणीतरी विचारपूर्वक ती कमी ठेवलेली असू शकते.

हे सगळं उद्याही कालसारखाच असेल या भरवशावर चालतं. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे लोकांची खरेदी एका आठवड्यात बदलली आणि वर्षानुवर्षांच्या नोंदींवर शिकलेली मॉडेलं गांगरली. तेव्हा कित्येक ठिकाणी माणसांनी यंत्र बाजूला सारून हातानं आकडे भरले.

गोदामात आता माणसं उरली आहेत का?

भरपूर. ॲमेझॉननं २०१२ मध्ये किवा सिस्टिम्स ही रोबो बनवणारी कंपनी ७७.५ कोटी डॉलरला घेतली, आणि २०२५ मध्ये आपल्याकडच्या रोबोंची संख्या दहा लाखांवर गेल्याचं सांगितलं. हे रोबो म्हणजे मुख्यतः जमिनीलगत फिरणारी चपटी यंत्रं. ती अख्खं कपाट उचलून माणसासमोर आणून ठेवतात. कपाटातून नेमकी वस्तू काढायचं काम मात्र अजून बऱ्याच अंशी हातांचं आहे.

आपल्याला जे सोपं वाटतं तेच इथे अवघड. पारदर्शक पिशवीतला पायमोजा, घसरणारं पुस्तक, दोन डब्यांमध्ये अडकलेली टूथब्रशची पाकिटं: तीन वर्षांचं मूल जे उचलेल त्यापुढे यंत्राचा हात अडखळतो. या एकाच कामासाठी २०१५ ते २०१७ दरम्यान सिॲटल, लाइपझिग आणि नागोया इथे विद्यापीठांच्या चमूंमध्ये स्पर्धा झाल्या. २०२५ मध्ये ॲमेझॉननं स्पर्शाची जाणीव असलेला ‘व्हल्कन’ हा रोबो दाखवला, म्हणजे नुसत्या कॅमेऱ्यावर भागत नाही हे मान्यच झालं.

कामगाराचं काय झालं? पूर्वी तो गोदामभर मैलोन्‌मैल चालायचा. आता चालणं संपलं, पण उभ्या जागी कपाटामागून कपाट येत राहतं आणि वेग यंत्र ठरवतं. दर तासाला किती वस्तू काढायच्या हा कोटा प्रोग्रॅम मोजतो. कॅलिफोर्नियात २०२२ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार गोदामातल्या कामगाराला त्याचा कोटा लेखी सांगावा लागतो, आणि जेवणाची सुट्टी किंवा स्वच्छतागृहाला जाणं ज्यामुळे अशक्य होईल असा कोटा लादता येत नाही. असा कायदा करावा लागला, यातच काय ते आलं.

डिलिव्हरीचा रस्ता कोण ठरवतं?

मला या सगळ्यात सर्वात रंजक वाटतो तो हाच प्रश्न.

समजा एका गाडीत वीस पार्सलं आहेत. ती कोणत्या क्रमानं द्यायची याचे पर्याय किती? २४३ वर सोळा शून्यं, एवढे. एकेक तपासत बसलं तर संगणकही म्हातारा होईल. म्हणून सर्वोत्तम क्रमाचा हट्ट सोडून ‘पुरेसा चांगला’ क्रम झटपट शोधणाऱ्या युक्त्या वापरतात. यूपीएस या अमेरिकी पार्सल कंपनीच्या ‘ओरायन’ प्रणालीमुळे वर्षाला सुमारे दहा कोटी मैलांचा प्रवास आणि एक कोटी गॅलन इंधन वाचतं, असं कंपनी सांगते. त्यांच्या गाड्या शक्यतो डावीकडे वळत नाहीत हेही खरं आहे. ज्या देशांत रस्त्याच्या उजव्या बाजूनं गाडी चालवतात, तिथे डावीकडे वळायचं म्हणजे समोरून येणारी गाड्यांची रांग ओलांडायची: वेळ जातो, इंधन जळतं, अपघातही होतात.

पण खरी गोष्ट पुढे आहे. गणितानं आखलेला क्रम हातात असूनही अनुभवी ड्रायव्हर तो पाळत नाहीत. सुरुवातीला ही बेशिस्त समजली जायची. मग लक्षात आलं, की त्यांना नकाशाला ठाऊक नसलेलं बरंच काही ठाऊक असतं: कोणत्या इमारतीचं मागचं दार दुपारी बंद असतं, कोणत्या गल्लीत शाळा सुटायच्या वेळी गाडी घालायची नसते, कुठे लिफ्ट बंद असते, गाडी कुठे उभी केली तर एका फेरीत चार पार्सलं देता येतात. २०२१ मध्ये ॲमेझॉन आणि एमआयटी ही अमेरिकेतली तंत्रज्ञान संस्था यांनी मिळून एक जाहीर स्पर्धा घेतली. सर्वात कमी अंतराचा रस्ता शोधायचं आव्हान तिच्यात नव्हतंच. अनुभवी ड्रायव्हर कोणता क्रम निवडेल हे ओळखून दाखवायचं होतं. गणितानं माणसापुढे बसून शिकायचं ठरवलं, असं म्हणा हवं तर. आता ते शिकलेलं ज्ञान कंपनीच्या खात्यात जमा होतं आणि नवखा ड्रायव्हरही पहिल्या दिवशी ते वापरतो. ज्यानं ते दहा वर्षांत कमावलं त्याला त्याचं वेगळं काही मिळत नाही, ही गोष्ट मला खटकते.

ॲपवरची ‘पोहोचण्याची वेळ’ खरी असते का?

तो एक निवडलेला आकडा असतो. मॉडेलला बहुधा एक पट्टा दिसतो, समजा बावीस ते चाळीस मिनिटं. तुम्हाला त्यातलं काय दाखवायचं हे माणसांनी ठरवलेलं असतं. कमी दाखवलं तर तुम्ही ऑर्डर कराल, पण उशीर झाला की चिडाल. जास्त दाखवलं तर वेळेआधी पोहोचून शाबासकी मिळेल, पण तुम्ही दुसऱ्या ॲपकडे जाल. आणि कमी दाखवून उशीर झाला तर खराब रेटिंग कोणाच्या नावावर लागतं? आकडा निवडणाऱ्याच्या तर नक्कीच नाही.

रायडरचं यात भलं झालं की वाईट?

दोन फेऱ्यांमधलं रिकामं थांबणं कमी झालं, अनोळखी शहरात पहिल्याच दिवशी काम करता यायला लागलं; हे भलं. पण वरिष्ठ म्हणून समोर माणूस नसतो, ॲप असतं. ऑर्डर कोणाला द्यायची, मोबदला किती, कोणाचं खातं बंद करायचं हे तेच ठरवतं, आणि ‘का?’ असं त्याला विचारता येत नाही.

इटलीत बोलोन्याच्या न्यायालयानं डिसेंबर २०२० मध्ये डिलिव्हरू या जेवण पोहोचवणाऱ्या कंपनीच्या अशाच अल्गोरिदमबद्दल निकाल दिला. ठरलेल्या पाळीला न येणाऱ्या रायडरची क्रमवारी घसरायची आणि पुढच्या चांगल्या पाळ्या त्याला उशिरा दिसायच्या. तो आजारी होता, संपावर होता, की नुसता झोपून राहिला, हे अल्गोरिदम पाहत नव्हता. न्यायालय म्हणालं, की कारण न बघणं हाच भेदभाव. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो. ‘यंत्र सगळ्यांना सारखं वागवतं’ हा बचाव त्यानं मोडून काढला.

युरोपीय संघानं २०२४ मध्ये ॲपवरच्या कामासाठी निर्देश, म्हणजे सदस्य देशांनी पाळायची चौकट, मंजूर केला. सदस्य देशांनी डिसेंबर २०२६ पर्यंत तो आपापल्या कायद्यात आणायचा आहे. त्यानुसार खातं तात्पुरतं किंवा कायमचं बंद करण्यासारखा निर्णय माणसानंच घ्यायचा, आणि अल्गोरिदम काय बघतो हे कामगाराला सांगायचं.

ड्रोन दारात कधी येणार?

काही ठिकाणी येतातही. बेझोस यांनी डिसेंबर २०१३ मध्ये टीव्हीवर ड्रोन दाखवला, आणि ॲमेझॉनची पहिली ड्रोन डिलिव्हरी डिसेंबर २०१६ मध्ये इंग्लंडमधल्या केंब्रिजजवळ झाली. मात्र झिपलाइन या कंपनीनं त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रवांडात रुग्णालयांना ड्रोननं रक्त पोहोचवायला सुरुवात केली होती, आणि ते काम टिकलं. रक्त हलकं, गरज तातडीची, रस्ते डोंगराळ, उतरवायच्या जागा मोजक्या आणि ठरलेल्या. दाट वस्तीतल्या सातव्या मजल्यावर साबण पोहोचवायचा तर हलकेपणा सोडून यातलं एकही कारण लागू पडत नाही.

अंगावर घालून न बघता माप कसं ओळखतात?

तुमची जुनी खरेदी, तुम्ही परत केलेले कपडे आणि तुमच्यासारख्या बांध्याच्या लोकांनी काय ठेवून घेतलं, यावरून. फोटोवर कपडा चढवून दाखवणारी सोय आकर्षक असते, पण ती कपडा दिसेल कसा हे दाखवते, काखेत काचेल का ते नाही.

एआयनं बनवलेल्या फोटोंनी फसवणूक होते का?

दोन्ही बाजूंनी. विक्रेता नसलेल्या वस्तूचा देखणा फोटो टाकतो. ग्राहकही धडधाकट वस्तूला एआयनं तडा पाडून रिफंड मागतो. परिणाम असा, की खरोखर मोडकी वस्तू मिळालेल्याचाही फोटो संशयानं पाहिला जातो. महागड्या वस्तूचा खोका उघडताना सलग व्हिडिओ काढा, त्यात खोक्यावरचं लेबल दिसू द्या.

छोट्या विक्रेत्यानं यातलं काय वापरावं?

वर्णनं, भाषांतर, फोटोची पार्श्वभूमी साफ करणं, नेहमीच्या प्रश्नांना उत्तरं, एवढं आज विनासायास होतं. फक्त प्रसिद्ध करण्याआधी वाचा. जानेवारी २०२४ मध्ये ॲमेझॉनवर काही वस्तूंच्या नावाच्या जागी चक्क ‘माफ करा, ही विनंती मी पूर्ण करू शकत नाही, ती ओपनएआयच्या धोरणाविरुद्ध आहे’ असं इंग्रजीत छापलेलं सापडलं. किंमत आपोआप बदलणारं साधन वापरत असाल तर खालची आणि वरची मर्यादा स्वतः घाला; माशीचं ते पुस्तक आठवा.

शिफारशी बंद करता येतात का?

बऱ्याच ॲपमध्ये पाहिलेल्या वस्तूंची नोंद पुसता येते, ती सोय सेटिंगमध्ये खोल दडवलेली असते. युरोपीय संघात डिजिटल सेवा कायद्यानुसार फार मोठ्या प्लॅटफॉर्मना वैयक्तिक माहितीवर न बेतलेला एक तरी पर्याय द्यावा लागतो. दुसऱ्यासाठी भेट घ्यायची असेल तर लॉगिन न करता शोधा, नाहीतर वर्षभर त्याची आवड तुमच्या माथी बसते.

माझा पत्ता सगळ्यांना चुकतो. एआय इतकं हुशार आहे तर दरवेळी फोन का येतो?

कारण पत्ता हा माणसांनी माणसांसाठी लिहिलेला मजकूर आहे. ‘निळ्या फाटकासमोर, जिन्याच्या डावीकडे’ हे वाचून नकाशावर ठिपका टाकणं यंत्राला अजूनही जड जातं. ते शिकतं ते मुख्यतः मागच्या डिलिव्हरींवरून: रायडरनं ‘पोहोचवलं’ हे बटण दाबलं तेव्हा फोन कुठे होता, ते बिंदू जमवून तुमचं दार कुठे असावं हे ठरवलं जातं. रायडर घाईत असेल आणि बटण कोपऱ्यावरच दाबत असेल, तर यंत्र तुमचं दार कोपऱ्यावर आहे असं शिकतं, आणि पुढच्या रायडरला तिथेच पाठवतं. म्हणून नकाशावरची खूण एकदा स्वतः झूम करून दारावर आणून ठेवा. नवीन रायडर आला आणि त्यानं फोन केला, तर त्याला कोपऱ्यावर थांबवून स्वतः खाली जाऊ नका. त्याला दारापर्यंत येऊ द्या आणि बटण तिथेच दाबू द्या.